दुधाचे दात आणि सहाव्या वर्षाची दाढ



जमाखर्चाची पाने वाचताना दंतविभागाचा आकडा सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष आणि औषधालय यांच्या शेजारी तो लहानच दिसणार. तथापि बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर आईच्या कुशीत तोंड खुपसून बसलेले, एक गाल सुजलेले चार-पाच वर्षांचे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या आकड्याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. दातांविषयीचे आमचे ज्ञान दंतवैद्यांच्या सहवासातून आणि त्या बाकाशेजारून ये-जा करतानाच मिळालेले आहे. त्याच ज्ञानाच्या आधारे, लहान मुलांना दातांची निगा राखण्याची गोडी कशी लावावी याविषयी पालकांच्या उपयोगी पडेल असे काही येथे मांडत आहोत.

त्या बाकावर एक वाक्य वारंवार कानी पडते: ‘दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत ना!’ हे वाक्य खडवलीच्या बाजारपेठेतले पालक बोलतात, भातसेच्या काठच्या पाड्यांवरून आलेले बोलतात, आणि कसारा लोकलने रोज मुंबई गाठणारे सुशिक्षित पालकही बोलतात. त्यात तथ्य एवढेच की दुधाचे दात पडतात. परंतु ते कधी पडतात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बाळ साधारण सहा महिन्यांचे झाले की खालचे पुढचे दात दिसू लागतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत वीसच्या वीस पूर्ण होतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. मात्र दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाला पुढची सात-आठ वर्षे भाकरी चावायची असते. इतक्या मुदतीची जबाबदारी कोणताही हिशेबनीस ‘किरकोळ’ या सदरात टाकणार नाही.

दुधाच्या दाढेचे आणखी एक काम आहे. तिच्या मुळांच्या बेचक्यात कायमची दाढ घडत असते. वरची दाढ आपल्या वेळी पडेपर्यंत खालच्या दाढेसाठी जागा राखून ठेवते. ती अकाली काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला जागा उरत नाही. तो वाकडा येतो किंवा अडकून बसतो. कीड मुळापर्यंत पोहोचून पू झाला, तर खाली घडत असलेल्या कायमच्या दाताच्या आवरणावरही डाग अथवा खड्डे पडू शकतात.

आता सहाव्या वर्षाच्या दाढेविषयी. या लेखातील दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, परंतु एवढे ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना, अशा चार नव्या दाढा येतात. त्या कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नसल्याने येताना काही पडत नाही, काही हलत नाही, आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. पुढचा दात पडला की मूल तो मुठीत धरून घरभर दाखवते. ही दाढ मात्र गुपचूप येते. दिसली तरी ‘दुधाचीच असेल’ असे समजले जाते. ती आयुष्यभराची आहे. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, मुलाचा ब्रश तिथवर पोहोचत नाही, आणि येऊन दोन-तीन वर्षे होत नाहीत तोच ती किडलेली आढळते. नवव्या-दहाव्या वर्षी कायमची दाढ काढावी लागण्याचा प्रसंग आमच्या दंतवैद्यांना सर्वांत अधिक खंत वाटण्याजोगा असतो; त्या जागी निसर्ग दुसरी दाढ देत नाही. मुलाच्या सहाव्या वाढदिवसानंतर दर महिन्याला एकदा उजेडात बसवून, गाल बोटाने बाजूला करून मागे पाहावे. नवी दाढ दिसताच दंतवैद्यांकडे आणल्यास तिच्या चिरा एका लेपाने बुजवता येतात. या कामी ना सुई लागते, ना दात कोरावा लागतो.

दात किडतो म्हणजे काय होते, हेही थोडक्यात सांगतो. ‘कीड’ या शब्दामुळे दातात अळी असते असा समज आजही भेटतो, आणि कानातून किंवा दातातून अळी काढून दाखवणारे लोक त्यावर पोट भरतात. वस्तुतः तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेवर जगतात व आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण विरघळवते. लाळ हे नुकसान हळूहळू भरून काढत असते, पण त्यासाठी तिला सवड मिळावी लागते. म्हणून दिवसभरात साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, याला महत्त्व अधिक आहे. सणाला जेवणाबरोबर दोन लाडू खाणारे मूल एक वेळ सुखरूप राहील. सकाळी चहात बुडवून बिस्किटे, शाळेच्या वाटेवर गोळी, दुपारी पाच रुपयांचा पुडा, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किटे अशी ज्याची दिनचर्या आहे, त्याच्या दातांना सावरण्याची सवड मिळत नाही. सर्वांत घातक सवय म्हणजे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे. झोपेत लाळ कमी सुटते आणि ते गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. खोकल्याच्या गोड औषधाबाबतही हेच लागू पडते. रात्रीचा डोस द्यावा व त्यानंतर दात पुसावेत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू: मुलाने आनंदाने दात घासावेत म्हणून काय करावे? आमच्या पाहण्यात असे आले आहे की उपदेशाचा उपयोग फारसा होत नाही. मूल ऐकण्याहून अधिक पाहत असते. आई, वडील किंवा आजोबा रात्री ब्रश घेऊन मोरीपाशी उभे राहिले, की दोन वर्षांचे पोर आपणहून शेजारी येऊन उभे राहते. त्याला त्याच्या आवडीच्या रंगाचा, लहान डोक्याचा, मऊ ब्रश द्यावा आणि प्रथम त्याला हवे तसे घासू द्यावे. मग ‘आता माझी पाळी’ म्हणून त्याला मांडीवर घ्यावे, डोके आपल्या छातीशी टेकवावे व मागच्या दाढांपर्यंत स्वतः घासावे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या मनगटाला ते कसब साधत नाही. ज्या मुलाला स्वतःच्या बुटांच्या नाड्या नीट बांधता येत नाहीत, त्याच्यावर दाढांची जबाबदारी सोपवू नये. घासताना दात मोजावेत. एकापासून वीसपर्यंतची उजळणीही होते आणि वेळही भरतो. बडबडगीत चालेल, गोष्ट चालेल; दोन मिनिटे सरली म्हणजे झाले. अंगणवाडीत खिचडीनंतर सर्व मुलांनी रांगेत बसून एकत्र दात घासण्याचा पाठ घेतला, तर घरी हट्ट करणारे मूलही तेथे मुकाट्याने घासते. सोबत्यांपुढे मागे राहणे कोणाला आवडत नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. दात घासल्याबद्दल चॉकलेटचे बक्षीस देऊ नये, याचे स्पष्टीकरण अनावश्यक आहे. आणि ‘घासले नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ असे कदापि म्हणू नये. या एका वाक्याची किंमत फार मोठी असते. असे भय घेऊन आलेले मूल तोंडच उघडत नाही, साधे भरण करण्याची संधी जाते, पालक कंटाळून परत नेतात, आणि काही महिन्यांनी तेच मूल रात्री-अपरात्री सूज व ताप घेऊन येते. सूज डोळ्याकडे अथवा जबड्याखाली मानेकडे पसरत असेल, मुलाला गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशा वेळी दुखऱ्या दाताशी वेदनाशामक गोळी दाबून ठेवण्याची प्रथा आहे. तिने हिरडी भाजते, दात बरा होत नाही.

घरगुती साधनांबद्दल स्पष्टच लिहितो. राखुंडी, विटेची पूड, जाडे मीठ यांनी मुलांचे कोवळे दात झिजतात. कडुनिंबाच्या काडीला आमचा विरोध नाही, परंतु लहान मुलाच्या हाती ती हिरडीला इजा करते. याहून गंभीर गोष्ट मशेरीची. तंबाखू भाजून केलेली ही पूड आपल्या भागातील अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, सकाळी दात घासण्यासाठी वापरली जाते. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजन यांच्या उत्पादनावर आणि विक्रीवर केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर. परंतु चुलीवर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा अडवणार? आजी प्रेमापोटी नातवाच्या दुखऱ्या दाढेवर चिमूटभर मशेरी लावते. दाढ क्षणभर बधिर होते, मूल झोपी जाते, आणि व्यसनाशी त्याची पहिली ओळख चौथ्या-पाचव्या वर्षी होते. आजीला दोष देऊन काही साधत नाही. तिला वेदना थांबवायची असते आणि तिच्या हाताशी तेवढेच असते. मुलाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे आणि दुसऱ्या दिवशी दाखवावे, एवढा पर्याय तिच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

टूथपेस्ट फ्लोराईडयुक्त असावी. तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नव्हे. घासून झाल्यावर थुंकावे, खळखळून चूळ भरू नये, म्हणजे औषधाचा अंश दातांवर राहतो. चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्लोराईड अधिक असल्याने दातांवर डाग पडतात; तिकडील नातेवाइकांनी स्थानिक दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा.

आकड्यांची सवय असल्याने दोन-तीन आकडे दिल्यावाचून राहवत नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या सुमारे ५२ टक्के मुलांत दंतक्षय आढळला होता. पंधराव्या वर्षी हे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला, आणि पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची एकदा तपासणी अपेक्षित असून दंतविकारांचा त्यात समावेश आहे. अडचण त्या कुटुंबांची होते, जी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. तपासणी पथक पाड्यावर येते तेव्हा मूल भट्टीवर असते. अशा मुलांपर्यंत आपण होऊन पोहोचणे, हा देणगीचा सर्वांत सार्थ विनियोग होय, असे आमचे मत आहे.

खर्चाचा विचार करता, एका मुलाचा ब्रश आणि वर्षभराची पेस्ट यांचा खर्च रोजच्या पाच रुपयांच्या पुड्यापेक्षा कितीतरी कमी येतो. वस्तू व सेवा करात टूथपेस्ट व ब्रश पूर्वी १८ टक्क्यांच्या वर्गात होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ५ टक्के झाला. आजवर आम्ही कराविषयी तक्रारीच अधिक केल्या, पण या निर्णयाचे मनापासून स्वागत केले. जेथे मूल यंत्रासमोर बसतच नाही, तेथे किडलेल्या जागी लावण्याचे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड हे द्रावण उपलब्ध आहे. २०२१ मध्ये त्याचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला. त्याने कीड थोपते, मात्र तो भाग कायमचा काळा पडतो. ही गोष्ट पालकांना आधी सांगितलेली बरी.

पहिली भेट पहिल्या दातानंतर, बाळ वर्षाचे होण्याच्या आत व्हावी. दुखू लागल्यावर आलेले मूल या खोलीला दुखण्याशी जोडते. काही दुखत नसताना आलेले मूल खुर्चीवर बसून खाली-वर होते, आरशात स्वतःचे दात पाहते आणि घरी जाते. बाळाला सकाळच्या वेळी, पोट भरलेले व झोप झालेली असताना आणावे. शक्य असल्यास आजीलाही बरोबर आणावे. येताना घरचा ब्रश पिशवीत टाकावा. त्याच्या वाकलेल्या किंवा जसेच्या तसे राहिलेल्या तंतूंवरून दंतवैद्यांना पुष्कळ काही कळते.