दुष्काळाचा नकाशा : दान कोठे पोचावे याचा विचार

पाऊस पडला नाही म्हणजे दुष्काळ पडला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पाऊस न पडणे यास अवर्षण म्हणावे. त्या अवर्षणामुळे माणसांस अन्न, पाणी व मजुरी मिळेनाशी होणे, यास दुष्काळ म्हणावे. पहिली गोष्ट आकाशाच्या स्वाधीन आहे. दुसरी पुष्कळ अंशी जमीन, विहीर, बाजार व माणसे यांच्या स्वाधीन आहे. सारख्याच तुटीच्या पावसात एक गाव तग धरते आणि दोन कोसांवरचे दुसरे गाव उठून जाते, हे का घडते? या प्रश्नाचे उत्तर गाववार मांडून ठेवणे म्हणजे दुष्काळाचा नकाशा काढणे होय. समितीच्या निधीचा विनियोग याच पायावर व्हावा, असे आमचे मत असल्याने त्याची फोड येथे करीत आहो.

प्रथम आपल्याच प्रांताचा इतिहास पाहू. १८९६ साली मध्यप्रांतात ऑगस्टच्या अखेरीस पाऊस एकाएकी थांबला आणि धानाचा मुलूख बुडाला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ साली पावसाने मुळातच दगा दिला. नागपुरास मुंबईकडील आगगाडी १८६७ सालीच पोचलेली होती. बाहेरून दाणा येण्यास मार्ग होता. तरीही उपासमार व तिच्या मागोमाग आलेली रोगराई यांमुळे १८९१ च्या शिरगणतीहून १९०१ च्या शिरगणतीत प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली आढळली. दाणा पेठेत असूनही तो घेण्यास गरिबाजवळ पैसा नव्हता. शेतकाम बंद म्हणून मजुरी बंद; आणि शेतकऱ्याची गाठ रिकामी म्हणून कोष्ट्याच्या लुगड्यास गिऱ्हाईक नाही. दुष्काळाचा पहिला तडाखा भूमिहीन मजूर व कारागीर यांस बसतो, हे १८८० च्या दुष्काळ कमिशनने नमूद करून ठेवलेच होते. पुढे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची छाननी करून हेच तत्त्व साधार मांडले. यावरून नकाशाचा पहिला नियम निघतो : केवळ पीक मोजू नये, त्या पिकावर पोट असलेला माणूस मोजावा.

आता नकाशाचे थर पाहू. पहिला थर पावसाचा. विदर्भात पूर्वेस गडचिरोली-गोंदियाकडे वर्षास सुमारे १३०० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. नागपुरास सुमारे ११००. पश्चिमेस बुलढाण्याकडे तो ७०० ते ८०० पर्यंत उतरतो. एवढ्यावरच रंग भरले तर पूर्व निर्धास्त व पश्चिम संकटात, असे चित्र उमटेल. परंतु १८९६ चा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. धानास रोवणीच्या वेळी व दाणा भरण्याच्या वेळी पाणी हवेच. नेमक्या त्या पंधरवड्यांत पावसाने पाठ फिरविली तर वर्षाची बेरीज पुरी होऊनही बांधी वाळते. म्हणून पाऊस किती पडला याबरोबर कधी पडला, हे पिकागणिक लिहिले पाहिजे.

दुसरा थर मातीचा. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत काळी, मोरंड, खरडी व बरडी असे जमिनीचे वर्ग आढळतात. खोल काळीत ओल टिकते. पावसाने ओढ दिली तरी कापूस काही आठवडे जीव धरून राहतो. बरडीत थोड्याच दिवसांत पाने माना टाकतात. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्य ठाणे नागपुरातच असल्याने या थराची सामग्री आपल्या दाराशी आहे.

तिसरा थर साठविलेल्या पाण्याचा, आणि येथे डोळ्यांस फसविणारी उदाहरणे पुष्कळ. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात जमीन उत्तम काळी. परंतु भूगर्भातील पाणी खारे, त्यामुळे पाऊस चुकला की विहिरीचा आधार नाही. वरूड, मोर्शी, नरखेड हा संत्र्याचा मुलूख संपन्न दिसतो. पण तेथे उपसा इतका झाला की विंधनविहिरी खोल खोल जात राहिल्या आणि २०१९ च्या उन्हाळ्यात उभ्या बागा वाळल्या. कापूस बुडाला तर एक हंगाम जातो. संत्र्याचे झाड वाळले तर नवे झाड फळावर येईतो चार-पाच वर्षे जातात. उलटपक्षी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे कोहळी समाजाच्या कसबाने व मालगुजारांच्या काळात बांधलेले सहा-सात हजार तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून ते सरकारजमा झाले. लोक त्यांस मामा तलाव म्हणतात. ज्याची पाळ शाबूत व गाळ निघालेला, त्या तलावाखालचे गाव वाचते. गाळाने भरलेल्या तलावाखालचे गाव नकाशात तलाव दिसत असूनही कोरडे राहते.

चौथा थर माणसांचा : भूमिहीन कुटुंबे किती, कर्ज कोणाचे, गुरांस चारा किती महिन्यांचा, रोजगाराचे काम किती कोसांवर, एकट्या बाईच्या शिरावर चालणारी घरे किती. १९७२ च्या अवर्षणानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला व तो १९७९ पासून अमलात आला, तो याच थराची जाणीव ठेवून. हा थर आकाशातून दिसत नाही. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रहाच्या साहाय्याने शेताची हिरवाई मोजू शकते. पण ती हिरवाई दुसऱ्या पेरणीची आहे व त्या बियाण्यासाठी घरातील दागिना गहाण पडला आहे, हे उपग्रहास कोण सांगणार?

हे चार थर एकत्र करताना गुणांची नुसती बेरीज करू नये. पावसास चांगले गुण व पाण्यास वाईट गुण मिळून गाव मध्यम ठरते, आणि मध्यम गावाकडे कोणी पाहत नाही. रांजण कितीही मोठा असला तरी बुडाशी भोक असल्यास पाणी राहत नाही. प्रत्येक गावाचे ते भोक कोणते, हेच नकाशाने दाखवावे.

सरकारी मोजमाप निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पैसेवारी गाववार ठरते. पण ती पीक बुडाल्यानंतरचा निवाडा देते, आधीची सूचना देत नाही. २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, हिरवाई, ओलावा असे निकष घालून दिले, आणि त्यान्वये २०१८ साली महाराष्ट्रातील १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. आपल्या जिल्ह्यातील काटोल, कळमेश्वर व नरखेड त्यांत होते. परंतु तालुक्याच्या सरासरीखाली एखादे बरडीचे गाव दडून जाऊ शकते. तसेच पाणी जिल्ह्याची सीमा जाणत नाही. २०१९ च्या जुलैत खुद्द नागपूर शहरास दिवसाआड पाणी घ्यावे लागले. पाऊस लांबला होता, तोतलाडोह आटले होते, आणि पेंचचे पाणी वर मध्यप्रदेशातील चौराई धरणात अडत होते. तेव्हा पेठेत बसलेल्या आम्हा-आपणासही या नकाशाबाहेर जागा नाही.

यावरून तिन्ही वर्गांस आमची विनंती आहे. जमीनदार मंडळींनी आपापल्या गावच्या विहिरींची पातळी, तलावांची स्थिती व मजुरीचा दर खरा लिहून पाठवावा. आपले गाव अधिक दीन दाखविल्यास शेजारच्या खऱ्या दीनाचा घास जातो. व्यापारी मंडळींनी आठवडी बाजारातील ज्वारी, तांदूळ व कडबा यांचे भाव आणि विकावयास आलेल्या गुरांची संख्या कळवावी. जनावरे स्वस्त व कडबा महाग होऊ लागला की दुष्काळ गावात शिरला असे समजावे. ही वर्दी पैसेवारीच्या पुष्कळ आधी मिळते.

दात्यांस थोडे स्पष्ट सांगणे भाग आहे. पुष्कळ देणग्या अमुक गावासाठीच, बहुधा दात्याच्या मूळ गावासाठी, अशा अटीने दिल्या जातात. भावना आदरणीय आहे. परंतु विश्वस्तास अट मोडता येत नाही, हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. परिणामी ज्या गावाचा कोणी पुत्र शहरात श्रीमंत झाला नाही, त्या गावास कोणी दाता उरत नाही. आणि असेच गाव नकाशात बहुधा सर्वांत गडद असते. म्हणून दान शक्यतो विनाअट द्यावे, आणि शक्य तर चांगल्या पावसाच्या वर्षी द्यावे. गाळ काढणे, पाळ बांधणे व चारा साठविणे ही कामे तळे कोरडे पडण्याची वाट न पाहता आखून ठेविली, तरच त्या दिवशी मजुरास काम व पुढील वर्षी गावास पाणी मिळते. दात्यांनी याचा शांतपणे विचार करावा, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.