पॅराशूट उघडल्यानंतर

स्कायडायव्हिंग शिकतेय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पॅराशूट उघडलंच नाही तर?" साताऱ्याहून आई फोनवर हेच विचारते आणि इथे कॅलिफोर्नियात शेजारच्या डेस्कवरचा सहकारीही हेच विचारतो. सुरुवातीला माझ्याही पोटात गोळा यायचा तो याच विचाराने. आता भीती वाटते ती पॅराशूट अगदी व्यवस्थित उघडल्यानंतरच्या शेवटच्या तीनशे फुटांची. आणि थोडीशी, ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारायच्या मैदानावर, संध्याकाळी कोंडाळं करून बसणाऱ्या मित्रमंडळींची. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर आलेली बरीच मराठी मुलंमुली आता या खेळात उतरतायत, म्हणून लिहितेय.

न उघडण्याच्या प्रश्नावर या खेळाने बरंच डोकं लावून ठेवलंय. पाठीवरच्या रिगमध्ये दोन पॅराशूट असतात, मेन आणि रिझर्व्ह. मेनची घडी तुम्ही स्वतः घालायला शिकता. रिझर्व्हला मात्र परवानाधारक रिगरशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि अमेरिकेत दर 180 दिवसांच्या आत ते उलगडून, तपासून पुन्हा भरावं लागतं. मेन नीट उघडलं नाही, तर नवशिक्याने 2,500 फुटांपर्यंत निर्णय घ्यायचाच. उजव्या बाजूचं हँडल ओढलं की मेन सुटून जातं, डाव्या बाजूचं ओढलं की रिझर्व्ह बाहेर येतं. आधी नजर हँडलवर, मग हात, मग ओढायचं. हे इतकं घोटून घेतात की ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभी असतानाही माझे हात आपोआप छातीशी जायचे. शिवाय रिगमध्ये एक छोटं यंत्र असतं, एएडी. त्यातलं सायप्रेस नावाचं जर्मन यंत्र 1991 साली बाजारात आलं. माणूस शुद्ध हरपून पडत राहिला, तर हे यंत्र साधारण 750 फुटांवर रिझर्व्ह मोकळं करतं. अमेरिकेत 2023 मध्ये 36 लाखांहून अधिक जंप झाल्या आणि 10 जण दगावले. हा आकडा आईला सांगितला तर ती फक्त दहावर बोट ठेवते. तेही बरोबरच आहे म्हणा.

पण ते यंत्र वेग मोजतं. मेन उघडलेलं आहे, तुम्ही शुद्धीवर आहात आणि जमिनीजवळ चुकीचं वळण घेतलंत, तर ते यंत्र गप्प बसणार. तिथे तुम्हीच तुमचे.

उतरण्याची पद्धत ठरलेली असते. साधारण हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, सहाशेच्या आसपास आडवं, तीनशेला वाऱ्याकडे तोंड करून सरळ. त्यानंतर मोठं वळण नाही. शेवटी दहा-पंधरा फुटांवर दोन्ही टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवायच्या मुठी, एकसारखे खाली ओढायचे, म्हणजे फ्लेअर करायचा. कागदावर हे अगदी सोपं दिसतं.

माझ्या आगेमागेच लायसन्स मिळालेला एक मुलगा होता. नाव सांगत नाही. आमच्यापैकी सगळ्यात चांगला उडायचा, आणि रिंगणाच्या मधोमध उतरायचा. त्या दिवशी दुपारी वारा फिरला. तो ठरल्याप्रमाणे तीनशे फुटांवर सरळ आला, विंडसॉककडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की वारा पाठीमागून आहे. आम्ही सगळे पॅकिंगच्या मांडवाबाहेर उभे होतो. त्याने उजवा टॉगल खाली खेचला, चांगला कमरेपर्यंत. कॅनोपी, म्हणजे डोक्यावरचं उघडलेलं पॅराशूट, कलली, तिने नाक खाली घातलं आणि तो तिच्याखालून लंबकासारखा बाहेर फेकला गेला. उंची भराभर गेली. कॅनोपी पुन्हा डोक्यावर येण्याआधी जमीन आली.

मांडीचं हाड आणि कंबर. इन्स्ट्रक्टर त्याच्या डोक्याशी बसून मान हलू देत नव्हता. आम्हाला दोन कामं सांगितली: बाकीच्यांना लांब ठेवा आणि त्याची कॅनोपी गोळा करून तिच्यावर बसा. हेलिकॉप्टर उतरताना त्याच्या वाऱ्याने ती फुगली असती आणि त्या अवस्थेत त्याला फरफटत नेलं असतं. मी त्या निळ्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसून होते. कापडात एकही टाका उसवलेला नव्हता, एकही दोरी गुंतलेली नव्हती.

वाऱ्याकडे तोंड करूनच उतरायचं हे नवशिक्याच्या डोक्यात इतकं बसलेलं असतं की त्यापायी तो जमिनीलगत वळतो. खरा क्रम वेगळा आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून शिकवतातही. आधी कॅनोपी सपाट. मग मोकळी जागा. मग फ्लेअर, निदान अर्धा तरी. वाऱ्याची दिशा या तिन्हींच्या नंतर. पाठीमागून वारा घेऊन उतरलात तर वेग जास्त असेल, घसराल, गुडघे सोलवटतील, फार तर जंपसूट फाटेल. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून अंगाच्या बाजूवर लोळण घ्यायची, तिला पीएलएफ म्हणतात. ती मऊ गवतावर पुन्हा पुन्हा करून ठेवा. लायसन्स झाल्यावर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि नेमकी तेव्हाच ती लागते.

समोर खरोखरच कुंपण किंवा माणूस आला तर? त्यासाठी ब्रेकमधलं वळण. दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत ओढून धरायचे आणि मग एक थोडासा आणखी. कॅनोपी फारशी न कलता, कमी उंची गमावत दिशा बदलते. हे वर तीन-चार हजार फुटांवर, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, हाताला सवय होईपर्यंत करायचं. त्यासाठी कधीतरी मेन थोडं वरच उघडा. आधी पायलटला आणि सोबतच्यांना सांगा, म्हणजे झालं. नवीन लोक फ्रीफॉलच्या त्या मिनिटभरासाठी पैसे मोजतात आणि कॅनोपीखालची पाच मिनिटं फुकटची समजतात. मला हे उफराटं वाटतं.

फ्लेअरबद्दल एकच सांगते. जमीन अंगावर येतेय असं वाटून हात लवकर ओढले जातात, जवळजवळ सगळ्यांचेच. तेव्हा हात पुन्हा वर सोडू नका. सोडलेत तर कॅनोपी पुढे झेपावते आणि तुम्हाला आपटते. आहेत तिथेच धरा, उरलेलं शेवटी ओढा, पाय जुळवा. आणि नजर बुटांकडे नको, समोर लांब.

आता कोंडाळ्याकडे येते. पंचवीस जंप झाल्या की अमेरिकेत ए लायसन्स मिळू शकतं, आणि लगेच लोक विचारायला लागतात: "अजून शाळेचीच कॅनोपी?" हिशेब असा असतो की अंगावरच्या सामानासकट तुमचं वजन पौंडांत घ्यायचं आणि त्याला कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागायचं. नव्या माणसाचं उत्तर साधारण एकच्या वर जाऊ नये. पंचाहत्तर किलोचा माणूस, बाराएक किलोची रिग, म्हणजे साधारण 192 पौंड. त्याला 190 ची कॅनोपी शेवटची. कुणी 150 ची स्वस्तात देऊ केली तर भागाकार करून बघा आणि गोड हसून नको म्हणा.

हलक्या अंगाच्या मुलींसाठी यात एक खाच आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. माझं वजन बेताचं, रिगसकट 140 पौंड धरा. मला प्रेमाने सांगण्यात आलं की 140 ची कॅनोपी तुला बिनधास्त चालेल, भागाकार एकच येतो ना! भागाकार येतो, पण छोट्या कॅनोपीच्या दोऱ्याही आखूड असतात, त्यामुळे तीच चूक ती जास्त झपाट्याने अंगावर आणते. मी 170 वरच आहे. याची किंमतही आहे: हलकी मुलगी, मोठी कॅनोपी, त्यामुळे वारा जरा वाढला की मी जागच्या जागी लटकते, कधी मागेही जाते. मग तशा दिवशी मी उडत नाही. वाळवंटी भागात उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीवरून धुळीच्या वावटळी उठतात, त्यात सापडलेली कॅनोपी मिटू शकते. विमानाचे सकाळचे लोड घ्यायचे आणि दुपारी सावलीत बसून पॅकिंगचा सराव करायचा. लोड भरायला एक माणूस कमी पडतोय म्हणून कुणी गळ घातली तरी मी उठत नाही. ड्रॉपझोनवर याचा राग कुणी धरत नाही, निदान जुनी माणसं तरी नाही. हेल्मेटवर कॅमेरा लावायला दोनशे जंपपर्यंत थांबा असं सांगतात, तेही मी निमूट ऐकलंय. रीलवाचून काही अडलेलं नाही.

घरचे पुण्याच्या शीतल महाजनांचं उदाहरण देतात. 2004 मध्ये त्यांची पहिली उडीच उत्तर ध्रुवावर होती, आणि पुढे त्यांनी नऊवारी नेसूनही उडी मारली. अभिमान मलाही आहे. पण ते उदाहरण देणाऱ्या मामाला मी एवढंच म्हणते की मला माझ्या सोसायटीच्या पार्किंगपर्यंत चालत यायचंय.

विम्याचे कागद मात्र कोर्सचे पैसे भरण्याआधी काढून वाचा. भारतात घेतलेल्या टर्म पॉलिसीत साहसी खेळांची अट आहे का, इथल्या नोकरीचा आरोग्य विमा काय म्हणतो, विद्यार्थी असाल तर विद्यापीठाचा काय म्हणतो, हे ईमेलवर लेखी विचारून घ्या. फोनवरच्या "हो हो, चालतं"ला अर्थ नाही. हेलिकॉप्टरचं बिल वेगळं येतं. सेकंडहँड रिग घेणार असाल तर पैसे देण्याआधी ती तुमच्या ओळखीच्या रिगरला उघडून दाखवा, विकणाऱ्याच्या नव्हे.