पापनाशमला जाण्यापूर्वी : तमिळ व्याकरणाचा पहिला पाठ

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या भातशेतीच्या प्रदेशात पापनाशम हे तालुक्याचे गाव वसले आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापलेले तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. अशा ठिकाणी बदली झाली, की मराठी कर्मचाऱ्याला प्रथम धास्ती वाटते ती तमिळ भाषेची. वास्तविक, तिच्या व्याकरणाचा बराचसा भाग आपल्या परिचयाचा आहे.

१. सामान्यरूप : मराठीत ‘झाड’ला प्रत्यय लागताना ‘झाडा-’ होते. तमिळमध्ये ‘मरम्’ (झाड) याचे ‘मरत्तिल्’ (झाडात) होते. शेवटच्या ‘अम्’च्या जागी ‘अत्तु’ येते आणि मग प्रत्यय लागतो. त्याच नियमाने ‘पापनासम्’वरून ‘पापनासत्तिल्’, म्हणजे पापनाशममध्ये. बँकेला तमिळमध्ये ‘वंगी’ म्हणतात. बँकेत म्हणजे ‘वंगियिल्’.

२. हवे आणि नको : ‘मला पैसे हवेत’ याला ‘एनक्कु पणम् वेंडुम्’ म्हणतात. ‘एनक्कु’ म्हणजे ‘मला’. रचना तंतोतंत आपलीच. ‘नको’साठीही एकच शब्द आहे, ‘वेंडाम्’. ‘मला तमिळ येते’ हे वाक्यही याच घडणीचे : ‘एनक्कु तमिळ् तेरियुम्’.

३. क्रियापद : ‘पेसु’ म्हणजे बोल. पेसुगिरेन् (बोलतो), पेसिनेन् (बोललो), पेसुवेन् (बोलेन). शेवटचे ‘एन्’ म्हणजेच ‘मी’. बोलणारा पुरुष असो वा स्त्री, रूप बदलत नाही. आपण अर्ज लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिले असे म्हणतो. तमिळमध्ये या तिन्हींसाठी ‘एळुदिनेन्’ हे एकच रूप पुरते, कारण क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागे जाते. निर्जीव वस्तूंचे लिंग पाठ करण्याचे कष्टही येथे नाहीत. त्या साऱ्या ‘अदु’, म्हणजे ‘ते’.

४. आदर : ‘पेसिनान्’ म्हणजे तो बोलला, ‘पेसिनाळ्’ म्हणजे ती बोलली. ‘पेसिनार्’ म्हणजे ते बोलले किंवा त्या बोलल्या, आदरपूर्वक. वयोवृद्ध खातेदाराविषयी बोलताना ‘आर्’च्या जागी ‘आन्’ आले, तर केवळ एका अक्षराने त्यांचा अवमान होतो. समोरच्याला ‘बोला’ म्हणायचे असल्यास ‘पेसुंगळ्’ म्हणावे.

५. आम्ही आणि आपण : इंग्रजीत व प्रमाण हिंदीत हा भेद सर्वनामात दिसत नाही, मराठीत आणि तमिळमध्ये तो स्पष्ट आहे. ‘नांगळ् पेसुवोम्’ म्हणजे आम्ही बोलू. ऐकणारा त्यात नाही. ‘नाम् पेसुवोम्’ म्हणजे आपण बोलू. ऐकणारा त्यात आहे. पीककर्जाची अडचण घेऊन आलेल्या शेतकऱ्याला पहिल्या वाक्याने खिडकीबाहेर ठेवल्यासारखे वाटेल, तर दुसऱ्याने आपल्या शेजारी बसविल्यासारखे. क्रियापद दोन्हीकडे सारखेच आहे. फरक केवळ सर्वनामाचा आहे.

येथे दिलेली रूपे लेखी भाषेतील आहेत. बोलताना ती आखडतात : ‘वेंडुम्’चे ‘वेणुम्’, ‘पेसुगिरेन्’चे ‘पेसुरेन्’. म्हणून लेखी रूपे प्रथम समजून घ्यावीत आणि बोलीतील रूपे खातेदारांच्या तोंडून ऐकून आत्मसात करावीत. आरंभीचे काही दिवस रोज पाच वाक्ये पुरेत; त्यांतील एक तरी ‘नाम्’ने सुरू होणारे असावे.