वेबसाइट नेमकी कोणाची?

लहान व्यवसायाची वेबसाइट एकसंध दिसली तरी ती तीन वेगळ्या गोष्टींची बनलेली असते. डोमेन म्हणजे तिचे नाव, होस्टिंग म्हणजे तिच्या फायली राहतात ती भाड्याची जागा, आणि तिसरी गोष्ट म्हणजे मजकूर, छायाचित्रे व मांडणी. या तिन्हींची मालकी वेगवेगळ्या हातांत असू शकते. वेबसाइट करून घेताना रंग आणि किंमत यांवर खूप बोलणे होते. मालकीचा विषय बहुधा निघत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरचा रत्नागिरीजवळ हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकांना पाठवण्याचा व्यवसाय आहे. ओळखीतल्या एका तरुणाने वेबसाइट करून दिली आणि ती देखणी झाली. डोमेन मात्र त्याने सोयीसाठी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतले. पुढे त्याला परगावी नोकरी लागली आणि तो ईमेल पडून राहिला. नूतनीकरणाच्या सूचना तिथेच जात राहिल्या. एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, वेबसाइट बंद पडली. पेट्यांवर छापलेला पत्ता उघडेना, त्या नावावरचे ईमेलही येईनात. पैसे भरायची तयारी होती, पण खात्यात शिरायची वाट नव्हती. तो तरुण सापडून डोमेन परत मिळेपर्यंत मे महिना सरत आला होता.

डोमेन विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवले जाते. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, धोरणानुसार काही दिवस, जास्तीत जास्त 45, नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येते. त्यानंतरच्या 30 दिवसांत ते सोडवून घ्यायला बराच जादा आकार पडतो. शेवटच्या 5 दिवसांत काहीच करता येत नाही, आणि मग ते नाव कोणीही घेऊ शकतो. म्हणून रजिस्ट्रारकडचे खाते व्यवसायमालकाच्या नावाने असावे. त्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडताच तोही बंद पडतो. मुदतीची तारीख डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत कोणालाही पाहता येते. मालकाचे नाव आता तिथे बहुधा झाकलेले असते, त्यामुळे खात्यात स्वतः शिरून पाहणे हाच खरा पुरावा.

वेबसाइट करणाऱ्याशी लेखी करार हवाच. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचे हक्क, वेगळे ठरले नसेल तर, त्याच्याकडेच राहतात. नुसते पैसे दिल्याने ते ग्राहकाकडे येत नाहीत. हक्क लेखी हस्तांतरित करावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. एवढी बारीक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही.

मराठी मजकुरात आणखी एक अडचण येते. छापखान्यात जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेले माहितीपत्रक जसेच्या तसे वेबसाइटवर टाकले, तर अक्षरांची निरर्थक जुळणी दिसते. ते चित्र म्हणून टाकले तर दिसते, पण शोधात नीट सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकून घ्यावा आणि मोबाइलवर वाचून पाहावा. गिऱ्हाईक बहुधा तिथूनच येते.

देखभालीचा खर्च पहिल्याच दिवशी ठरवावा. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल आणि ते व त्याची प्लगइन अद्ययावत ठेवली नाहीत तर तिच्यात घुसखोरी होऊ शकते. एसएसएल प्रमाणपत्राची मुदत संपली की ब्राउझर इशारा दाखवतो आणि गिऱ्हाईक परत फिरते. संपूर्ण वेबसाइटची प्रत दर महिन्याला होस्टिंगबाहेर, स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी.

ज्यांची वेबसाइट दुसऱ्या कोणी करून दिली आहे, त्यांनी डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे हे पुढचा हंगाम सुरू होण्याआधी पाहून घ्यावे.