पॅडल घेण्याआधी

पोरी, पिकलबॉलचं पॅडल घ्यायला निघण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. पॅडल आपल्या सगळ्यात जोरदार फटक्यासाठी घ्यायचं नसतं, सगळ्यात कच्च्या फटक्यासाठी घ्यायचं असतं. आता तुझी सर्व्हिस चुकत नाही, रॅली टिकते, स्कोअर सांगताना तू अडखळत नाहीस. म्हणजे तू मधल्या पायरीवर आलीस. या पायरीवर पॉइंट जातात ते जोर कमी पडल्यामुळे नाही. चेंडू किचनमध्ये, म्हणजे नेटलगतच्या पट्ट्यात, अलगद पाडता आला नाही (त्या अलगद फटक्याला डिंक म्हणतात), नेटवरून वीतभर जास्त उठला आणि समोरच्याने तो ठोकला, म्हणून जातात. दुकानदार ‘पॉवर’चं कौतुक करू लागला तर करू दे. तू त्याला एवढंच विचार, की समोरून जोरात आलेला चेंडू हे पॅडल किती शांत करतं?

बंगळुरूत हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण इथले बहुतेक लोक बॅडमिंटनमधून या खेळात येतात. मल्लेश्वरमच्या कॅनरा युनियनच्या लग्नाच्या हॉलमध्ये सराव करून प्रकाश पदुकोण घडले आणि १९८० साली ऑल इंग्लंड जिंकून आले. या शहराच्या मनगटात तेव्हापासून शटल मुरलेलं आहे. पण बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची आणि पिकलबॉलचं पॅडल २२०-२३० ग्रॅमचं. मनगटाचा तोच झटका अडीचपट वजनाला देत राहिलीस, तर कोपर धरतं. तुझ्या मामीला विचार, एक अख्खा पावसाळा तिने पट्टा बांधून काढला. टेनिसवाल्यांची गोष्ट उलटी आहे. त्यांचा हात तीनशे ग्रॅमला सरावलेला असतो, म्हणून त्यांना लांब आणि जड पॅडल आवडतं. ते त्यांच्या हाताला बरोबर आहे. त्यांचं ऐकून तू घेऊ नकोस.

वजनाचा आकडा खोक्यावर असतो, पण तो ढोबळ. एकाच मॉडेलच्या दोन नगांत पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो. दुकानात काटा असेल तर दोन-तीन नग ठेवून बघ आणि २२० ते २३० मधलं उचल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन कुठे बसलंय ते. पॅडल छातीसमोर धरून फोरहँड-बॅकहँड असं भराभर फिरव. डोकं मागे रेंगाळतंय असं वाटलं तर तो नग खाली ठेव. जाणकार याला स्विंग वेट म्हणतात आणि त्याचा आकडाही देतात. माझ्या मते तुझ्यासाठी ११० ते ११५ च्या आसपास चांगलं. १२० च्या वर गेलं की नेटजवळच्या हातघाईत उशीर होतो. डोकं हलकं वाटलं तर पुढे कडांना वजनाची पट्टी चिकटवता येते. जड पॅडल मात्र हलकं करता येत नाही.

आकाराचं गणित सोपं आहे. नियमाप्रमाणे लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांच्या वर जाता येत नाही आणि लांबी १७ च्या आतच लागते. म्हणून १६ बाय ८ तरी घ्यायचं, नाहीतर साडेसोळा बाय साडेसात. लांबीत मिळालेला अर्धा इंच रुंदीतून कापलेला असतो, आणि त्याबरोबर मधला चांगला लागणारा भागही अरुंद होतो. तुझा चेंडू अजून दर वेळी मध्यावर लागत नाही. तू १६ बाय ८ घे. दोन्ही हातांनी बॅकहँड मारत असशील तरच लांब मुठीचा हट्ट धर. साडेपाच इंचांची मूठ दोन हातांना पुरते.

आता गाभा, म्हणजे खरा पैसा जिथे जातो ती जागा. हा खेळ १९६५ मध्ये सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुरू झाला तेव्हा पॅडल लाकडी होतं. १९८४ मध्ये बोइंगमधल्या आर्लेन पॅरँटो नावाच्या इंजिनिअरने विमानात वापरतात ती हनीकोम्बची पॅनेल्स घेऊन पहिलं कॉम्पोझिट पॅडल केलं. हलकं तरीही ताठ राहणारं, हा त्या षट्कोनी घरांचा गुण. विमानं बांधणाऱ्या एचएएलच्या या शहरात ते वेगळं समजवायला नको. आजच्या पॅडलमध्ये तीच घरं पॉलीप्रॉपिलीनची असतात. त्यांची जाडी १३, १४ किंवा १६ मिलिमीटर. पातळ गाभा चेंडूला लवकर उडवतो, जाड गाभा त्याचा वेग गिळतो. तुला १६. यात मी दुसरा पर्यायच देत नाही.

आणखी एक कारण आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, आणि हा पोकळ, भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू हवेनेच थांबत असतो. मुंबईत बेसलाइनच्या आत पडणारा फटका इथे थोडा पुढे जातो. गच्चीवरच्या कोर्टावर वारा पाठीमागून असला की विचारू नकोस. उडवणारं पॅडल इथे अधिकच महागात पडतं.

पृष्ठभाग रॉ कार्बन फायबरचा घे. फायबर ग्लास स्वस्त असतं, चेंडू झटकन सोडतं, पण मऊ खेळात हाताला अंदाज येत नाही. बोट फिरवून बघ: रॉ कार्बनचा अंगचाच खरखरीतपणा सगळीकडे सारखा लागतो. वरून फवारलेला असेल तर तो रेतीसारखा टोचतो आणि लवकर झिजतो. कार्बनचाही झिजतोच, फक्त सावकाश. कार्बन साफ करायचा रबराचा ठोकळा मिळतो. त्याने चेंडूचा प्लास्टिकचा थर दर थोड्या दिवसांनी पुसून काढ, फिरकी परत येते.

मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी मावली पाहिजे. दोन मापांत मन अडकलं तर बारीक घे. ओव्हरग्रिप गुंडाळून मूठ जाड होते, तासून बारीक होत नाही. जाड मूठ आवळून धरावी लागते आणि आवळलेल्या हाताने डिंक कधीच चांगला बसत नाही.

घेण्याआधी मडकं वाजवून घेतो तसं ते वाजवून घे. बोटाच्या पेराने मध्यापासून कडेपर्यंत टकटक कर. आवाज थोडा बदलेल, पण एखाद्याच जागी बद्द किंवा खुळखुळीत आला तर आतला गाभा दबलाय किंवा पृष्ठभाग सुटलाय. जुनं पॅडल घेताना तर हे आधी. यूएसए पिकलबॉलच्या मान्य यादीत ते मॉडेल आहे का तेही बघ. नुसत्या छापलेल्या शिक्क्यावर जाऊ नकोस, कारण नामांकित पॅडलच्या नकला बाजारात फिरतात. अर्ध्या किमतीत मिळणारं ‘ओरिजिनल’ सोडून दे.

मुंबईच्या सुनील वालावलकरांनी हा खेळ भारतात रुजवला आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली, तेव्हा पॅडल निवडायला फारसा वावच नव्हता. आता इंदिरानगर, एचएसआर, व्हाइटफील्ड, कुठेही जा, कोर्टावर दहा तऱ्हेची पॅडलं दिसतात. त्या गर्दीचा फायदा घे. २०२५ च्या पहिल्या वर्ल्ड पिकलबॉल लीगमध्ये बंगळुरू जवान्स जिंकले; त्यांच्या हातात काय होतं ते बघून घेणारे पुष्कळ आहेत. पण ते खेळाडू दिवसभर खेळतात, त्यांचा हात वेगळा. तू कोर्टावरच्या ओळखीच्यांकडून उसनं मागून खेळ, आणि ताजी असताना नाही, तिसऱ्या गेमला माग. हात दमला की पॅडलचा खरा स्वभाव कळतो. तेव्हा तीन गोष्टी बघ: कोपऱ्यातून कोपऱ्यात डिंक किती वेळ टिकतो, अंगावर आलेला ड्राइव्ह नुसता अडवला तर किचनमध्ये पडतो का, आणि चेंडू कडेला लागला तर मूठ हातात फिरते का. किंमत शेवटी विचार. कळली की मन तिकडे झुकतं.

पैशांचं म्हणशील तर पाच ते आठ हजारांत वर सांगितलेलं सगळं मिळतं. त्याच्या वरच्या पैशांत जोर मिळतो, हातातली सफाई मिळत नाही. घेतल्यावर ते बंद गाडीत उन्हात ठेवू नकोस, आतला गोंद सैल होतो. फरशीवर आपटू नकोस. उरलेल्या पैशांतून आधी कोर्टचे बूट घे. धावायच्या बुटांत आडवं पळताना पाय मुरगळतो, आणि मग कितीही चांगलं पॅडल घरी पडून राहतं. या शनिवारी घाई करू नकोस. दोन पॅडलं उसनी घेऊन कोर्टावर ये, मी समोर उभा राहतो. दुकान नंतर बघू.