संकेतस्थळावरील नकाशा : गिऱ्हाईक मोरगावला की गोंदियाला?

हल्ली आपले बरेच व्यापारी व कारागीर बंधू दुकानाचे संकेतस्थळ करून घेतात. खाली नकाशाही असतो. पण तो कोरा राहिला किंवा खूण भलतीकडे पडली, तर आलेले गिऱ्हाईक हातचे जाते. म्हणून हा छोटासा पाठ आम्ही देत आहोत.

समजा, आपला ग्रिल-गेटचा कारखाना बारामती तालुक्यातील मोरगावात आहे. नकाशाला नुसते 'मोरगाव' सांगून भागत नाही, कारण गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव हा तालुकाच आहे. तालुका, जिल्हा व पिनकोड लिहावा; त्याहून चांगले म्हणजे दुकानाचे नेमके अक्षांश-रेखांश द्यावेत. मोरगावचे अक्षांश सुमारे १८.२८ व रेखांश ७४.३२ आहेत. काही प्रणालींत रेखांश आधी लिहावे लागतात. क्रम चुकला, तर खूण थेट नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात पडते!

आता बिघाड कसा ओळखावा ते पाहू.

१) चौकटीत 'जोडणी नाकारली' असा संदेश : ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता तसाच चिकटवलेला असतो. गूगल मॅप्समध्ये 'शेअर' व मग 'एम्बेड अ मॅप' दाबून मिळणारा आयफ्रेमचा मजकूर घ्यावा. त्याला पैसे पडत नाहीत.

२) नकाशा काळपट व त्यावर इंग्रजी अक्षरे : एपीआय किल्ली किंवा बिलिंग खाते जोडलेले नाही. २०१८ पासून गूगलने ते सक्तीचे केले. नुसते दुकान दाखवायचे असेल, तर पहिलीच रीत पुरते. किल्ली घेतलीच, तर ती आपल्याच संकेतस्थळापुरती बांधून घ्यावी. नाहीतर वापर दुसऱ्याचा आणि बिल आपल्याला!

३) जागा पूर्ण कोरी : बहुधा चौकटीला उंची दिलेली नसते. ४०० पिक्सेल देऊन पाहावे. संकेतस्थळ एचटीटीपीएसचे आणि नकाशाचा दुवा साध्या एचटीटीपीचा असला, तरीही ब्राउझर तो अडवतो.

काम करून देणाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी दुसऱ्याच्या मोबाईलवर नकाशा उघडावा आणि गावाबाहेरच्या माणसाला त्यावरून दुकानापर्यंत यायला सांगावे. तो न विचारता दारात पोहोचला, तरच काम पुरे झाले असे समजावे.