खरेदीदार मागतो कार्बनचा हिशेब

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. मोठा खरेदीदार कार्बनचा हिशेब मागतोय. हे नियम ठरवतं कोण?

उत्तर : बहुधा ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह’ या कंपन्यांची उत्सर्जन-उद्दिष्टं तपासणाऱ्या जागतिक संस्थेचे निकष असावेत. मोठ्या कंपनीच्या एकूण उत्सर्जनात कारखान्याबाहेरच्या साखळीचा वाटा ४० टक्के किंवा अधिक असला, की त्याचंही उद्दिष्ट ठरवावं लागतं. म्हणून चौकशी तुमच्या दारात. या निकषांच्या मसुद्यावर संस्थेचे तज्ज्ञ गट फक्त सल्ला देतात, मंजुरी तांत्रिक परिषदेची. मात्र मसुद्यावर कोणीही हरकत नोंदवू शकतो. मार्च २०२५ मध्ये नव्या आवृत्तीचा मसुदा असाच हरकतींसाठी खुला झाला होता. आपले मिलवाले तिथं गप्प राहतात, हे मला पटत नाही. तूर्त वीजबिलं, डिझेलच्या पावत्या महिनावार लावा. डाळ उन्हात वाळवत असाल, तर तेही आवर्जून लिहा.